जुन्या ट्रकच्या इंजिनाला कोणता रंग द्यायचा?

जुना ट्रक खोलून बसलेल्या माणसाला इंजिन रंगवायची घाई सगळ्यात जास्त असते. पत्र्याचं काम महिनोन्‌महिने हलत नाही, वायरिंगचा गुंता सुटत नाही. इंजिन मात्र धुऊन रंगवलं की एका दिवसात काहीतरी झाल्यासारखं वाटतं. त्या घाईत ‘शेव्हरले ऑरेंज’ लिहिलेला डबा उचलला जातो आणि कारखान्यातून राखाडी निघालेलं इंजिन नारिंगी होऊन बसतं. चूक नंतर कळली तर इंजिन पुन्हा उतरवा, रंग खरवडा, सगळं पहिल्यापासून करा. त्यापेक्षा डबा उघडण्याआधी दोन-चार दिवस शोधात घालवलेले परवडतात.

इथली उदाहरणं मुख्यतः अमेरिकन ट्रक आणि पिकअपची आहेत, कारण इंजिनाच्या रंगावरून सगळ्यात जास्त हुज्जत त्यांच्याबाबतीतच घातली जाते. शोधाची पद्धत मात्र कुठल्याही जुन्या ट्रकला लागू पडते. कंपनीचं नाव कळलं म्हणजे रंग कळला, असं यात होत नाही. रंग ठरतो तो ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या, जन्मतारखेवरून आणि त्याच्या अंगावर जे काही शिल्लक आहे त्यावरून.

ट्रक कशासाठी करताय, ते आधी ठरवा

स्पर्धेत परीक्षकांपुढे उभा करायचा असेल, तर तुमच्या आवडीनिवडीला जागा नाही. कारखान्यात होता तोच रंग, तीच चमक आणि तेवढाच भाग रंगवलेला, असं सगळं जुळायला हवं. रोज नाही पण सुट्टीच्या दिवशी चालवायचा असेल, तर मूळ रंगाच्या जवळचा पण टिकाऊ रंग घ्या. आणि पूर्ण मनासारखा करायचा असेल तर कोणी अडवत नाही. मात्र त्या वाटेनेही मूळ रंग कोणता होता हे एकदा शोधून, फोटो काढून ठेवा. ट्रक विकायची वेळ आली की पुढचा मालक पहिल्यांदा तेच विचारतो.

या तिन्हींपैकी एक निवड कागदावर लिहा. गंमत वाटेल, पण बरेचसे विचित्र दिसणारे इंजिन-बे (बॉनेटखालचा, इंजिन बसतं तो कप्पा) हे ‘थोडं मूळ, थोडं आवडीचं’ असं करत गेल्यामुळे झालेले असतात: ब्लॉक अगदी कारखान्यासारखा फिका राखाडी, वर क्रोमचं टॅपेट कव्हर आणि बाजूला लाल वायरी.

तुमच्यापुढे नेमकं कोणतं इंजिन आहे?

ट्रकच्या कागदपत्रांवर १९५२ लिहिलंय म्हणून आतलं इंजिन १९५२ चं असेलच, असं धरू नका. ट्रक हे राबायचं वाहन. इंजिन बसलं की मालक दुसरं मिळेल ते चढवून कामाला लावायचा. म्हणून आधी ब्लॉकवरचे नंबर वाचा.

दोन प्रकारचे आकडे सापडतात. ओतकामातच उठून आलेला नंबर म्हणजे कास्टिंग नंबर. तो ब्लॉकची रचना सांगतो. त्याच्या आसपास कास्टिंगची तारीख असते. मशीन केलेल्या सपाट जागेवर ठोकून उमटवलेले अक्षर-आकडे असतात ते इंजिन जुळणीचे. शेव्हरलेच्या सरळ सहा सिलिंडर इंजिनात ते उजव्या अंगाला डिस्ट्रिब्युटरजवळ सापडतात, तर स्मॉल-ब्लॉक व्ही-आठमध्ये (‘व्ही’ आकारात आठ सिलिंडर असलेल्या, छोट्या ठेवणीच्या इंजिनात) उजव्या हेडच्या पुढच्या टोकाशी ब्लॉकच्या पट्टीवर. उजवं-डावं नेहमी सीटवर बसून मोजायचं. आधी कोणी ब्लॉकचा माथा घासून घेतला असेल, तर व्ही-आठवरचे हे ठसे पुसलेले असू शकतात. अशा वेळी ओतकामाची तारीखच कामाला येते.

शेव्हरलेची तारीख वाचायला सोपी आहे. पहिलं अक्षर महिना: ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एल म्हणजे डिसेंबरपर्यंत. मग दिवस आणि शेवटी वर्षाचा आकडा, बऱ्याचदा फक्त शेवटचा. ‘सी १२ ५’ वाचलं तर १२ मार्च एवढं नक्की. वर्ष मात्र १९५५ की १९६५, ते तारखेवरून कळत नाही. तिथे कास्टिंग नंबर मदतीला येतो, कारण ती रचना कोणत्या वर्षांत चालू होती हे त्यावरून शोधता येतं.

फोर्डने क्रम उलटा ठेवला. आधी वर्षाचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. आणि अक्षरांत ‘आय’ वगळलेलं असतं. ‘८बी१५’ म्हणजे ८ ने संपणाऱ्या वर्षाची १५ फेब्रुवारी. दशक कोणतं, ते फोर्डच्या साठच्या दशकातल्या कास्टिंग नंबरमध्ये दडलेलं असतं. ‘सी८टीई’ असं दिसलं तर सी म्हणजे साठचं दशक, ८ म्हणजे १९६८, टी म्हणजे ट्रक आणि ई म्हणजे इंजिन विभाग. पुढे ६०१५ असेल तर तो फोर्डच्या यादीतला सिलिंडर ब्लॉकचा मूळ क्रमांक.

हा नंबर रचनेचं वर्ष सांगतो, ब्लॉक ओतल्याचं नाही. सी४ ने सुरू होणारा नंबर पाहून लोक इंजिन १९६४ चं समजतात, पण बाजूच्या तारखेचा पहिला आकडा ६ असेल तर तोच ब्लॉक १९६६ साली ओतलेला आहे. रंगाच्या दृष्टीने या दोन वर्षांत मोठी दरी आहे, कारण १९६६ पासून फोर्डने आपल्या इंजिनांना सरसकट एकच निळा द्यायला सुरुवात केली.

हे सगळं वहीत उतरवून घ्या: नंबर, तारीख, कुठे सापडले. अक्षर गंजाने भरलं असेल तर खडू घासा, उठाव दिसतो. सुरीच्या टोकाने खरवडत बसू नका.

मूळ रंग शोधायचा कुठे

या कामाला जितका वेळ द्याल तितका थोडाच. कारखान्यात इंजिन बहुतेक जुळवून झाल्यावर रंगवत, तेही भराभर. त्यामुळे रंग एकसारखा नसतो. उघड्या भागांवरचा उष्णतेने, तेलाने, पाण्याच्या फवाऱ्याने कधीच गेलेला असतो. जिथे नंतर काहीतरी बसवलं गेलं आणि पुन्हा कधी निघालं नाही, तिथे मात्र तो तग धरतो.

म्हणून अशा जागा बघा: इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटमागे, डायनमोच्या ब्रॅकेटखाली, वॉटर पंपाच्या पाठीमागच्या कडांना, पुलीच्या आडोशाला टायमिंग कव्हरवर, बोल्टच्या वॉशरखालच्या गोल ठशात, ब्लॉकला रिव्हेट केलेल्या पट्टीच्या कडेला. जुन्या सहा सिलिंडर शेव्हरलेत बाजूला पुशरॉडचं पत्र्याचं कव्हर असतं; त्याच्या कडेच्या खोबणीत बरंच काही अडकून राहतं.

साफ करताना प्रेशर वॉशर आणि वायर ब्रश दोन्ही बाजूला ठेवा. केरोसीन, मऊ ब्रश, फडकं. ग्रीसचा थर उतरला की खाली काळपट असं काहीतरी दिसेल. त्यावर रबिंग कंपाउंडचा बोटभर हात फिरवा. वर्षानुवर्षं तेलाने भाजलेला राखाडी तपकिरी दिसतो, हिरवा जवळजवळ काळा होतो, निळा हिरवटतो. वरची काजळी निघाल्याशिवाय रंगाचं नाव घेऊ नये.

मग थर मोजायचे. जागा निवडून ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून छोट्या गोलात घासा. मधे लोखंड उघडं पडेल आणि भोवती थरांची वर्तुळं दिसतील. लोखंडाला सगळ्यात जवळचं वर्तुळ सर्वांत जुनं. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांना प्रायमर नसे, रंग थेट ओतीव लोखंडावर मारलेला असे. म्हणून तळाशी प्रायमर आणि वर रंग अशी नीटस जोडी दिसली, तर इंजिन मधे कधीतरी कोणीतरी मन लावून पुन्हा बांधलंय असा संशय घ्या. बदली इंजिनं बांधून विकणारे कारखाने स्वतःचे रंग मारायचे. पुनर्बांधणीत ब्लॉक गरम क्षाराच्या टाकीत उकळून काढला असेल, तर मूळ रंग पूर्ण निघून गेलेला असतो आणि तळाचा थर हा त्या दुरुस्तीवाल्याचा असतो. त्यामुळे एका जागेवर विसंबू नका. तीन-चार वेगवेगळ्या, एकमेकांपासून लांबच्या जागी तोच तळरंग सापडला, तर त्याला पुरावा म्हणता येईल.

कोरडं घासू नका, यामागे दुसरं कारणही आहे. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता भरपूर. ओलं घासा, मास्क लावा, निघालेला चिखल पुसून वेगळ्या पिशवीत भरा.

सापडलेल्या ठिपक्याचा फोटो उघड्या सावलीत, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोवरून रंग जुळवणं व्यर्थ आहे.

कोणत्या कंपनीचा कोणता रंग

पूर्ण तक्ता द्यायचा मोह मी आवरतो, कारण असे तक्ते एकमेकांवरून उतरवलेले असतात आणि चुकाही उतरत जातात. ज्या गोष्टी पक्क्या आहेत तेवढ्या सांगतो.

शेव्हरलेच्या जुन्या सहा सिलिंडर इंजिनांचा, म्हणजे ज्यांना प्रेमाने ‘स्टोव्हबोल्ट’ म्हणतात त्या २१६ आणि २३५ च्या ट्रकमधल्या इंजिनांचा, नेहमीचा रंग राखाडी. (हे आकडे इंजिनाच्या क्षमतेचे, घन इंचांत.) २१६ हे १९३७ ते १९५३ या काळातलं. २३५ मध्ये निळंही सापडतं: ‘ब्लू फ्लेम’ नावाने १९५३ च्या कॉर्व्हेट या शेव्हरलेच्या स्पोर्ट्स कारमध्ये गेलेलं सहा सिलिंडर निळं होतं. म्हणून ट्रकमध्ये निळं २३५ दिसलं तर ते कारमधून काढून बसवलंय का, ते नंबरवरून तपासा. प्रसिद्ध नारिंगी आला तो १९५५ च्या २६५ व्ही-आठबरोबर, आणि १९७६ पर्यंत टिकला. १९७७ पासून शेव्हरलेची मूळ कंपनी जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना एकच निळा लावला. तोवर प्रत्येक विभागाचा बाणा वेगळा होता, पॉन्टियाकचा फिका निळा आणि ओल्ड्समोबिलचा सोनेरी हे त्यातले सहज ओळखू येणारे. म्हणजे १९५१ च्या पिकअपमध्ये नारिंगी २१६ दिसलं, तर तो कोणाच्या तरी हौसेचा रंग, कारखान्याचा नव्हे.

फोर्डच्या १९२८ ते १९३१ च्या मॉडेल ए कारचं इंजिन हिरवं. त्याच इंजिनावर चालणाऱ्या मॉडेल एए ट्रकचंही तेच. १९३२ ला आलेला फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह हेडमध्ये नव्हे, ब्लॉकमध्ये असलेला) व्ही-आठसुद्धा सुरुवातीला हिरवाच. पुढे चाळीस-पन्नासच्या दशकांत फोर्डचे रंग वर्षागणिक आणि गाडीगणिक बदलत गेले. तिथे तक्त्यापेक्षा माउंटिंगमागचा ठिपका अधिक खरा. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात फोर्डच्या कारमध्ये ब्लॉक काळा आणि टॅपेट कव्हर व एअर क्लीनर रंगीत, अशी रीत होती. १९६५ च्या २८९ वर ही झाकणं सोनेरी होती. १९६६ पासून तो सरसकट निळा.

लष्करी वाहनांचं वेगळंच. दुसऱ्या महायुद्धातली जीप, जिला अमेरिकन लष्कराच्या कागदोपत्री ‘पाव टनी ट्रक’ म्हणत, दोन कंपन्यांनी बनवली. फोर्डने बनवलेल्या जीपीडब्ल्यूच्या इंजिनांवर सहसा राखाडी सापडतो, विलीसच्या एमबीवर सहसा ऑलिव्ह हिरव्याच्या जातीचा. एकाच आराखड्याच्या इंजिनाला दोन रंग! आणि युद्धकाळात इंजिनांची अदलाबदल इतकी झाली की चेसिस एकाची, इंजिन दुसऱ्याचं असं सर्रास सापडतं.

मोठ्या ट्रकमध्ये डिझेल इंजिन बाहेरच्या कंपनीचं असेल, तर रंग त्या कंपनीचा. डेट्रॉइट डिझेलची जुनी दोन-स्ट्रोक इंजिनं ‘अल्पाइन ग्रीन’ या हिरव्या रंगाची. कॅटरपिलरने १९३१ मध्ये राखाडी सोडून पिवळा घेतला. ट्रकच्या नावावरून या इंजिनांचा रंग ठरवायला गेलात तर चुकणारच.

रंग बदलण्याच्या वर्षात जन्मलेलं इंजिन असेल तर दोन्ही शक्यता उघड्या ठेवा. कारखान्यात उरलेला रंग कोणी टाकून देत नाही.

मधे इंजिन बदललेलं असेल तर काय? समजा १९५० च्या शेव्हरले पिकअपमध्ये १९६८ चं २५० सहा सिलिंडर आहे. माझं मत स्पष्ट आहे: इंजिनाला त्याच्या स्वतःच्या वर्षाचा रंग द्या, म्हणजे नारिंगी. राखाडी देऊन त्याला २१६ चं सोंग आणलं तरी जाणकाराला कव्हरच्या आकारावरूनच कळतं, आणि मग बाकीच्या ट्रकवरचाही त्याचा विश्वास उडतो.

डब्यावरचं नाव आणि डब्यातला रंग

‘शेव्हरले ऑरेंज’ लिहिलेले तीन कंपन्यांचे तीन डबे शेजारी मारून बघा. एक लालसर, एक पिवळसर, एक भोपळ्यासारखा. नाव एकच असलं तरी प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. त्यात एक रासायनिक अडचणही आहे. जुन्या काळी भडक पिवळे आणि नारिंगी रंग बनवायला शिशाचे क्रोमेट आणि मॉलिब्डेट वापरले जात. त्यांची झाकण्याची ताकद जबरदस्त. एका पातळ हातात लोखंड दिसेनासं व्हायचं. आज विषारीपणामुळे ते बहुतेक बाजूला पडलेत आणि त्यांच्या जागी आलेली सेंद्रिय रंगद्रव्यं जरा पारदर्शक असतात. परिणाम असा की आजच्या नारिंगी, पिवळ्या आणि लाल रंगावर खालच्या प्रायमरचा रंग चढतो. गडद राखाडी प्रायमरवर नारिंगी मळकट होतो, फिक्या राखाडीवर स्वच्छ दिसतो, लाल ऑक्साइडवर ऊबदार आणि थोडा विटकरी. राखाडी, काळा, गडद हिरवा यांना याचा फारसा फरक पडत नाही.

म्हणून नमुना-पट्ट्या केल्याशिवाय पुढे जाऊ नका. हाताच्या पंजाएवढे पत्र्याचे तुकडे घ्या. जो प्रायमर इंजिनावर मारणार तोच त्यावर मारा, वर रंगाचे तितकेच हात द्या, मागे कंपनी आणि प्रायमर लिहा. वाळल्यावर सापडलेल्या मूळ ठिपक्याशेजारी धरा: एकदा सकाळच्या उजेडात, एकदा दुपारी सावलीत, एकदा गॅरेजच्या दिव्याखाली. उजेडात जुळलेला रंग दिव्याखाली फटकून वागला तर आश्चर्य मानू नका. दोन रंगांतली रंगद्रव्यं वेगळी असली की असं होतंच. निर्णय उन्हाच्या उजेडाचा धरा. ट्रक तिथेच उभा राहणार आहे.

आवडलेल्या पट्टीची आणखी एक परीक्षा घ्या. हीट गनने ती चांगली चटका बसेल इतकी तापवा, गार होऊ द्या, पुन्हा तापवा. मग एका कोपऱ्यावर पेट्रोलचा थेंब, दुसऱ्यावर इंजिन ऑइल, तिसऱ्यावर ब्रेक ऑइल ठेवा. अर्थात रंग पूर्ण पिकल्यावर आणि हीट गन लांब ठेवून. पेट्रोलच्या थेंबाखाली रंग सुरकुतला, तर कार्बोरेटर गळल्या दिवशी इंजिनावरही तेच होणार.

चमकेकडे लोकांचं लक्ष नसतं. जुन्या राखाडी इंजिनांना आरशासारखी झळाळी कधीच नव्हती. अर्धचमक त्यांना शोभते. मूळ छटा अचूक साधून वर क्लिअर कोट, म्हणजे चमकणारा पारदर्शक थर, मारला की सगळी मेहनत खेळण्यासारखी दिसते.

रंग मोकळेपणाने निवडणार असाल तर एवढं पाहा. फिका रंग तेलगळती लगेच दाखवतो, आणि नव्याने बांधलेल्या इंजिनात ते हवंच असतं. काळा सगळं पोटात घालतो. पांढरा, बदामी, फिका निळा एक्झॉस्टच्या तोंडाशी पिवळे पडतात. केबिनच्या रंगाशी इंजिन अगदी मिळवून घेतलं तर इंजिन-बे सपाट दिसतो. एक-दोन छटा तरी अंतर ठेवा.

काय रंगवायचं, काय उघडं ठेवायचं

कारखान्याची रीत आठवा. जुळलेल्या इंजिनावर फवारा जायचा, मग कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, सेल्फ, डायनमो हे नंतर बसायचे. म्हणून ब्लॉक, हेड, टायमिंग कव्हर, ऑइलचं चेंबर आणि बहुतेक वेळा इनटेक मॅनिफोल्ड इंजिनाच्या रंगात; कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर नाही. पॅकिंगच्या कडांवर, बोल्टच्या माथ्यांवर रंग चढलेला असायचाच. स्पर्धेसाठी करणाऱ्याने इंजिन जुळवूनच रंगवावं, बोल्ट वेगळे पॉलिश करून लावू नयेत. चालवण्यासाठी करणाऱ्याने भाग सुटे रंगवले तर कोपरे चांगले झाकले जातात आणि गंज कमी धरतो. मी स्वतः दुसऱ्या पद्धतीचा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला इंजिनाचा रंग देऊ नका. कारखान्यातही त्यावर उडालेला रंग पहिल्याच फेरीत जळून जायचा. चढावर भरलेला ट्रक ओढताना हा भाग ५०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे सहज जातो. त्याला ओतीव लोखंडाच्या छटेचा, ६५० अंशांच्या आसपास टिकणारा उच्च-तापमानाचा रंग किंवा सिरॅमिक थर. हा रंग फक्त वाळवून भागत नाही. डब्यावर दिलेल्या टप्प्यांनी तापवावा लागतो, नाहीतर बोटाने निघतो.

उघडं ठेवायचं ते असं: हेड आणि ब्लॉकचे सांधे, पंपाची बैठक, सेल्फ बसतो ती जागा आणि अर्थिंगची पट्टी लागते तो बिंदू. शेवटचे दोन विसरले की नवीन बॅटरी असूनही सेल्फ रडत फिरतो आणि माणूस दोन दिवस वायरी तपासत बसतो. ठोकलेल्या नंबरवरही जाड रंग नको. टेप लावा किंवा रंगवून लगेच पुसून घ्या.

रंगाची जात

ब्लॉकचं अंग साधारण पाण्याच्या तापमानाच्या आसपास राहतं, शंभर अंशांच्या घरात. हेडवर एक्झॉस्टच्या तोंडाशी जास्त. बाजारातला इंजिन इनॅमल बहुधा २६० अंशांपर्यंतचा असतो, तो पुरतो. साध्या घरगुती ऑइलपेंटने काही महिन्यांत कडा उचलतात.

डबीतला तयार स्प्रे सोपा आहे आणि त्यात मूळ रंगांच्या छटाही मिळतात. त्याची कच्ची बाजू म्हणजे पेट्रोल. हार्डनर घालून मारायचा दोन घटकांचा युरेथेन पेट्रोलला दाद देत नाही आणि हवी ती छटा मिसळून घेता येते. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांना साधा कापडी किंवा धुळीचा मास्क अजिबात चालत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. ती सोय नसेल तर रंगाऱ्याच्या बूथमधून मारून आणा. काही काळाने दम्यासारखा त्रास जडू शकतो आणि तो जात नाही. त्यापुढे इंजिनाची चकाकी अगदीच क्षुल्लक.

प्रायमर आणि रंग शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. एका मध्यम इंजिनाला साधारण दोन-तीन स्प्रे डबे लागतात. एक जास्तीचा घ्या, तोही त्याच बॅचचा. डब्याच्या बुडाशी छापलेला क्रमांक जुळवा.

तयारी आणि फवारणी

जुळलेल्या इंजिनावर सँडब्लास्ट नको. वाळूचा एक कण तेलाच्या वाटेत शिरला तर बेअरिंग खाऊन टाकेल. सुटा ब्लॉक गरम टाकीतून धुऊन आणा, जुळलेलं असेल तर डिग्रीझर, ब्रश आणि पाणी, सगळी तोंडं घट्ट बंद करून.

ओतीव लोखंड तेल पितं. वरून स्वच्छ दिसलेला ब्लॉक ऊन लागलं की पुन्हा घामेजतो. म्हणून हीट गनने कोमट करा, वर आलेलं तेल थिनर किंवा ग्रीस रिमूव्हरने पुसा आणि पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत हे चालू ठेवा. फडकं प्रत्येक वेळी नवीन, आणि थिनर हीट गनपासून लांब, ब्लॉक गार झाल्यावरच. गंज असेल तिथे फॉस्फरिक आम्लाचं द्रावण, नंतर धुऊन लगेच वाळवणं. कच्चं लोखंड रात्रभरात पिवळं पडतं, त्यामुळे साफसफाई आणि प्रायमर एकाच दिवशी उरका.

पहिला हात अगदी पातळ, नुसता धूर बसल्यासारखा. तो चिकटसर झाला की दोन भरलेले हात. आधी खाचाखोचा आणि मागची बाजू, सपाट भाग शेवटी. दोन हातांमधली वेळ डब्यावर लिहिलेली असते ती काटेकोर पाळा. बऱ्याच इनॅमलवर दुसरा हात तासाभरात मारायचा नाहीतर थेट काही दिवसांनी, असं लिहिलेलं असतं. मधल्या काळात मारलात तर खालचा थर फुगून सुरकुततो. जाड लेप देऊन उपयोग नाही. इंजिनाला उष्णता बाहेर टाकायची असते आणि जाड रंग कडेपासून सुटतो.

पूर्ण पिकायला आठवडा द्या. त्याआधी साखळी लावून इंजिन उचललं की साखळीची नक्षी रंगात उमटते.

पहिल्यांदा चालू करताना थोडा धूर आणि वास येतो, मॅनिफोल्डवरून जास्त. इंजिन मंद गतीवर पाण्याच्या तापमानापर्यंत येऊ द्या, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा चालू करा. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतरच ट्रक रस्त्यावर काढा. या फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा कसताना पान्याने माथ्यांवरचा रंग उडणारच. त्यासाठी जास्तीच्या डब्यातला थोडा रंग झाकणात फवारून बारीक ब्रशने लावा. उरलेल्या डब्यावर छटेचं नाव, कंपनी, खालच्या प्रायमरचा रंग आणि तारीख मार्करने लिहून, नमुन्याच्या पट्टीसकट ट्रकच्या कागदपत्रांजवळ ठेवून द्या. पुढे वॉटर पंप बदलावा लागला तर नव्या पंपाला कोणता रंग द्यायचा हे त्यावरून कळेल.